कथा लिहून झाली, आता ती कधी पाठवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या आणि गेल्या दोन वर्षांपासून कथा लिहू लागलेल्या एका लेखिकेने जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक कथा पूर्ण केली. आजोबांच्या पश्चात भावांना जमिनीचे हक्कसोडपत्र करून देणाऱ्या आत्याची ही कथा आहे, आणि जिच्यावरून ती सुचली ती आत्या हयात आहे. कथा पूर्ण झाली त्याच रात्री लेखिकेने ती चार दिवाळी अंकांच्या संपादकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. आता सप्टेंबरचा मध्य आला, सात आठवडे उलटले, तरी एकाही ठिकाणाहून होकार किंवा नकार आलेला नाही. मैत्रिणी सांगतात की फेसबुकवर टाक, निदान लोक वाचतील तरी. लेखिका विचारते: माझी घाई झाली का, आणि आता किती वाट पाहावी?

मी गेली २६ वर्षे एका दिवाळी अंकाच्या संपादनाचे काम करते आणि त्याआधी काही वर्षे स्वतः कथा लिहून पाठवत असे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. त्या आधारावर सांगते की घाई झाली, आणि उशीरही झाला. कथेच्या मानाने तुम्ही ती फार लवकर पाठवलीत आणि अंकाच्या मानाने फार उशिरा. कथेचे वेळापत्रक वेगळे आणि अंकाचे वेगळे असते. नवे लेखक बहुतेक वेळा अंकाच्या तारखेला कथा ओढून ताणून पोहोचवू पाहतात, आणि त्या ओढाताणीत दोन्ही वेळा चुकतात.

आधी अंकाचे वेळापत्रक सांगते, कारण ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि तंत्र कितीही बदलले तरी अंक दिवाळीच्या आधी वाचकाच्या हाती पडला पाहिजे, ही अट बदललेली नाही. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत मागच्या अंकाचा हिशेब होतो, विक्रेत्यांकडून परत आलेल्या प्रती मोजल्या जातात आणि राहिलेली मानधने दिली जातात. गुढीपाडव्याच्या सुमारास नव्या अंकाची आखणी सुरू होते, परिसंवादाचा विषय ठरतो आणि ज्यांच्याकडून लेखन हवे आहे त्यांना पत्रे जातात. मे आणि जून हे कथा येण्याचे महिने. जुलैत निवड होते. ऑगस्टमध्ये अक्षरजुळणी, पहिले मुद्रितशोधन आणि रेखाटनांसाठी कथा चित्रकाराकडे पाठवणे ही कामे चालतात. गणपतीत छापखान्यातील कोकणातली माणसे गावी जातात, म्हणून त्याआधी शक्य तितकी पाने लावून ठेवावी लागतात. सप्टेंबरमध्ये जाहिरातींचा हिशेब पक्का होतो, नवरात्राच्या आसपास बांधणी सुरू असते, आणि दसऱ्याच्या पुढेमागे पहिल्या प्रती बाहेर पडतात. तुमची कथा आमच्याकडे जुलैच्या अखेरीस आली असती, तर निवडलेल्या कथा चित्रकाराकडे पाठवण्याच्या गडबडीत ती फोनवरच्या इतर शंभर संदेशांच्या खाली गेली असती.

यात पंचांगाचाही भाग आहे. २०२३ मध्ये श्रावण अधिक आल्यामुळे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, आणि २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला आले. म्हणजे एका वर्षाच्या तुलनेत दुसऱ्या वर्षी संपादकाच्या हातातून तीन आठवडे गेले. मागच्या वर्षी एखाद्या अंकाने ऑगस्टमध्ये तुमच्या मैत्रिणीची कथा घेतली, म्हणून यंदाही घेईल असे धरून चालू नका. वर्ष सुरू झाले की पहिल्यांदा दिनदर्शिका उघडून लक्ष्मीपूजनाची तारीख पाहावी आणि तिथून साडेपाच महिने मागे मोजावे. कथा साधारण त्या सुमारास संपादकाकडे असावी. नामवंत लेखकांच्या कथा याहून उशिरा येतात आणि तरीही छापल्या जातात हे खरे आहे, पण त्यांच्यासाठी पाने आधीच राखून ठेवलेली असतात.

पानांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगते. अंक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापला जातो. एक पान वाढवायचे म्हणून वाढत नाही. वाढला तर फर्मा वाढतो, आणि त्याचा कागद, छपाई व बांधणी यांचा खर्च निघेल इतकी जाहिरात हातात असावी लागते. उलट शेवटच्या आठवड्यात दोन पानांची जाहिरात आली, तर दोन पानांचा मजकूर बाहेर काढावा लागतो. त्यामुळे सप्टेंबरमध्ये एखादी कथा आत जाते किंवा बाहेर राहते, त्याचा तिच्या गुणवत्तेशी संबंध असेलच असे नाही. माझी स्वतःची पहिली छापलेली कथा अशाच एका रद्द झालेल्या जाहिरातीच्या जागी गेली होती, आणि त्याची किंमत मला नंतर कळली.

तेव्हा मी २४ वर्षांची होते. कथेतील शिक्षिका बदलीचा अर्ज लिहिते आणि शेवटी तो फाडून टाकते. कथा लिहून झाल्यावर दहाव्या दिवशी ती अंकाकडे गेली, महिन्याभरात छापून आली, आणि घरी पेढे वाटले गेले. त्यानंतरच्या जानेवारीत आईचे कपाट आवरताना तिच्या साड्यांच्या घडीखाली मला बदलीचे तीन जुने अर्ज सापडले, तिन्ही नीट घडी केलेले, एकही न दिलेला आणि एकही न फाडलेला. अर्ज फाडणारी बाई मी कुठेतरी वाचलेली होती. अर्ज जपून ठेवणारी बाई माझ्या घरात होती आणि तिला मी पाहिलेच नव्हते. कथेचा खरा शेवट तो होता. पण तोवर कथा हजारो प्रतींतून घरोघरी गेलेली होती, आणि छापलेली कथा परत मागवता येत नाही. ती कथा मी पुढे कोणत्याही संग्रहात घेतली नाही.

म्हणूनच माझा आग्रह असा की पूर्ण झालेली कथा किमान आठ आठवडे उघडू नये. कथा ताजी असताना लेखक कागदावरचे वाक्य वाचत नाही, मनातले वाचतो. आत्याने सही करताना थोडे थांबावे असे तुमच्या मनात असेल, तर ते थांबणे कागदावर उतरलेले नसले तरी तुम्हाला दिसत राहील. दोन महिन्यांनी ते दिसेनासे होते, आणि मग कळते की वाचकालाही ते कधीच दिसले नसते. आठ आठवड्यांनंतर कथा कागदावर छापून घ्यावी आणि बंद खोलीत मोठ्याने वाचावी. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करावी, दुरुस्ती मात्र त्या बैठकीत करू नये. माझ्याकडे येणाऱ्या नव्या लेखकांच्या कथांत सुरुवातीची दीड-दोन पाने बहुधा लेखकाने स्वतःला कथेत आणून बसवण्यासाठी लिहिलेली असतात, आणि शेवटचा परिच्छेद आधीच्या पानांवर विश्वास नसल्यामुळे लिहिलेला असतो. दोन्ही गोष्टी पहिल्या आठवड्यात आवश्यक वाटतात आणि नवव्या आठवड्यात त्यांच्यावर काट मारावीशी वाटते.

बोलीचेही तसेच आहे. मराठवाड्यातून येणाऱ्या अनेक कथांत एकच पात्र पहिल्या पानावर 'का' म्हणते आणि सहाव्या पानावर 'कामून'. लिहिण्याच्या भरात आपण कधी घरची भाषा ऐकत असतो आणि कधी शाळेची. हा दोष मुद्रितशोधक दूर करू शकत नाही, कारण त्या गावची बोली त्याच्या कानात नसते. तो फार तर सगळीकडे 'का' करून टाकेल, आणि ते तर अधिकच वाईट. हे काम तुम्हालाच, शांतपणे आणि कान शाबूत असताना करावे लागेल.

तुमच्या विषयात आणखी एक गोष्ट आहे जी घाईत निसटते. हक्कसोडपत्राची कथा सालावर उभी असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून त्यापूर्वी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध वाटा दिला, आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित मुलींनाही तो मिळाला. त्यामुळे १९९२ मध्ये सही करणारी आत्या आणि २०१२ मध्ये सही करणारी आत्या या वेगवेगळ्या बायका आहेत. त्यांना काय नाकारले जात आहे, भावांना कशाची भीती आहे आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेताना तिला काय सांगितले जाते, हे सगळे सालानुसार बदलते. कथेत कायदा सांगायचा नसतो, पण लेखकाला तो माहीत नसेल तर पात्रे खोटे बोलू लागतात. हे पडताळून पाहायला दोन-चार दिवस पुरतात. पण ते दिवस कथा पाठवण्याआधीचे असावे लागतात.

आता हयात असलेल्या आत्यांविषयी. नाव आणि गाव बदलले की झाले, असे लेखक समजतात. पण दिवाळी अंक गावच्या वाचनालयात जातो, आणि तिथे ज्याला ओळखायचे आहे तो पहिल्या पानावरच ओळखतो. प्रत्येक ओळीसाठी परवानगी मागावी असे मी म्हणणार नाही, तसे केले तर घरातल्या माणसांवर कोणीच लिहू शकणार नाही. पण ही कथा आहे हे आत्यांना शेजारणीकडून कळू नये, तुमच्याकडून कळावे. जमिनीच्या नोंदीतील नावे बदलणारा फेरफार अजून मंजूर व्हायचा असेल, किंवा भावाबहिणींत दावा चालू असेल, तर छपाईसाठी ही वेळ योग्य नाही. कथेतले एखादे वाक्य घरात पुरावा म्हणून फिरवले जाते, आणि त्याचा त्रास तुम्हाला होत नाही, त्यांना होतो. मात्र काही लेखक माणूस जाईपर्यंत थांबतात, तसे थांबू नका. ज्या बाईला आयुष्यभर कोणी विचारले नाही, तिच्यावरची कथा ती नसताना छापणे मला बरे वाटत नाही.

चार ठिकाणी एकदम पाठवण्याबद्दल माझे मत कडक आहे, पण त्यात संपादकांचाही दोष आहे हे आधी कबूल करते. पूर्वी 'सत्यकथा'सारख्या मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाला कथेविषयी सविस्तर पत्रे लिहीत, पुनर्लेखन सुचवत, आणि पसंत न पडलेली कथा 'साभार परत' या दोन शब्दांसह का होईना, परत येत असे. ते मासिक १९८२ मध्ये बंद झाले. आज कथा परत येत नाही, कारण ई-मेलने आलेली फाइल परत करण्याची गरज उरलेली नाही, आणि तिच्याबरोबर नकार कळवण्याची पद्धतही मोडली. उत्तर न देणे हाच नकार समजावा, असे लेखकावर लादणे अन्यायाचे आहे. आम्ही ३१ जुलैपर्यंत प्रत्येकाला दोन ओळी कळवतो. दरवर्षी ते जमलेले नाही, आणि ज्या वर्षी जमले नाही त्याची खंत आहे.

तरीही एका वेळी एकाच अंकाकडे पाठवावे. काही वर्षांपूर्वी एक चांगली कथा आम्ही निवडली, चित्रकाराने तिच्यासाठी तीन सुंदर रेखाटने केली, आणि अंक बाजारात आल्यावर तीच कथा दुसऱ्या एका अंकातही दिसली. लेखकाने मुद्दाम काही केले नव्हते. त्या अंकाकडून चार महिने उत्तर नव्हते, म्हणून त्याने नकार गृहीत धरला आणि आमच्याकडे पाठवली; पहिल्या अंकाला मात्र त्याने 'कथा मागे घेत आहे' असे कळवले नव्हते. दोन संपादक नाराज झाले, आणि दोन्ही अंक विकत घेणाऱ्या वाचकाला आपण फसवलो गेलो असे वाटले. म्हणून पाठवतानाच पत्रात एक तारीख लिहावी: 'अमुक तारखेपर्यंत आपला निर्णय कळला नाही, तर कथा अन्यत्र पाठवण्यास मी मोकळी आहे असे समजते.' सहा ते आठ आठवड्यांची मुदत योग्य आहे. मध्ये एकदा विचारणा करायला हरकत नाही, पण ती ई-मेलने करावी; रात्री दहा वाजता संपादकाला फोन करून 'वाचली का?' असे विचारू नये. कथा युनिकोडमध्ये टंकलेली वर्ड फाइल म्हणून जावी. पीडीएफमधला मजकूर उचलताना रफार आणि जोडाक्षरे तुटतात, मग सगळी कथा पुन्हा टंकावी लागते, आणि घाईच्या दिवसांत असे काम मागे पडते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश तर फोन बदलला की नाहीसाही होऊ शकतो.

फेसबुकवर टाकण्याविषयी माझी हरकत वेगळ्या कारणासाठी आहे. बहुतेक दिवाळी अंक अप्रकाशित लेखन मागतात, आणि समाजमाध्यमावर टाकलेली कथा पूर्वप्रसिद्ध मानली जाते, हे तर आहेच. त्याहून मोठे नुकसान असे की तासाभरात पन्नास माणसे 'अप्रतिम' म्हणतात, ती बहुतेक तुमच्या ओळखीची असतात, आणि त्यानंतर कथेला पुन्हा हात लावण्याची इच्छा संपते. मी अनेक होतकरू कथा अशा तऱ्हेने तिथल्या तिथे थांबलेल्या पाहिल्या आहेत. कौतुक वाईट नाही, पण कच्च्या खर्ड्याला मिळालेले कौतुक त्याचे पुढचे सगळे खर्डे अडवते. त्याऐवजी दोन माणसे निवडा: एक वाचणारी आणि एक त्या जगातली, म्हणजे तलाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवलेली. त्यांना 'कशी वाटली?' असे न विचारता, 'कुठे वाचणे थांबवावेसे वाटले?' असे विचारा.

छापून आल्यावरही थोडे थांबावे लागते. दिवाळी अंक दिवाळीच्या चार दिवसांत वाचून संपत नाहीत. अनेक वाचनालये ठरावीक वर्गणी घेऊन सभासदांना पुढचे तीन-चार महिने हे अंक आळीपाळीने देतात, आणि कथेखाली लेखकाचा फोन क्रमांक छापलेला असेल तर फेब्रुवारीतही एखाद्या निवृत्त शिक्षकाचा फोन येतो. हे फोन मोलाचे असतात, कारण फोन करणारा तुम्हाला ओळखत नसतो. तोपर्यंत कथा अन्यत्र टाकू नये. गुढीपाडव्यानंतर खुशाल टाकावी, फक्त अंकाचा उल्लेख करावा. कथेचा कॉपीराइट तुमचाच राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, आणि त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कोणी 'सर्व हक्क' देण्याच्या कागदावर सही मागितली, तर मुदत किती आणि कशासाठी हे विचारल्याखेरीज सही करू नका. तुमच्या कथेचा विषय पाहता हे तुम्हाला अधिक समजावून सांगायला नको.

आता तुमच्या हातात जे आहे त्याविषयी. चारही संपादकांना आज ई-मेल करा, कथेचे नाव आणि पाठवल्याची तारीख लिहा, आणि कथा विचाराधीन आहे का ते दहा दिवसांत कळवण्याची विनंती करा. त्यानंतर ती मागे घेतली आहे असे समजावे, हेही लिहा. एखाद्याने कथा निवडली असेल, तर उरलेल्या तिघांना त्याच दिवशी कळवा आणि त्याच्याकडून मुद्रितशोधनासाठी पाने मागून घ्या. त्या टप्प्यावर परिच्छेद हलवता येत नाहीत, पण शेवटची दोन वाक्ये गाळता येतात, आणि कधी कधी तेवढ्यानेही कथा सावरते. कोणाकडूनच उत्तर आले नाही, आणि मला तेच अधिक शक्य वाटते, तर वाईट वाटून घेऊ नका. यंदाचे अंक बाहेर आले की त्या चारही अंकांतल्या कथा वाचा. चारही संपादकांची आवड एकसारखी नाही हे तुमच्या लक्षात येईल, आणि तुमची कथा त्यांपैकी कोणाकडे जावी हे तुम्हालाच ठरवता येईल. डिसेंबरमध्ये कथा काढून मोठ्याने वाचा, जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा लिहा, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात एका संपादकाकडे पाठवा.

दिवाळीला माहेरपणाला आत्या येतील, किंवा भाऊबीजेनंतर तुम्ही त्यांच्याकडे जाल. कथेचा विषय लगेच काढू नका. सही कोणत्या साली झाली, त्या दिवशी कार्यालयात कोण कोण होते, आणि घरी परत आल्यावर स्वयंपाक कोणी केला, एवढेच विचारा.